थोरल्या बेटावरची खूण

माझ्या मामाला पोहता येत नव्हतं, आणि पक्षी तर त्याला मुळीच आवडायचे नाहीत. तरी सव्वीस वर्षं तो लोकांना बोटीत बसवून समुद्रातल्या बेटांवरचे पक्षी दाखवत होता.

त्याआधी तो बस चालवायचा. अठरा वर्षं एकच मार्ग, एकच वेळ. तो मार्ग बंद झाला तेव्हा मामा आणि त्याच्या बसचा कंडक्टर, दोघंही एकदम रिकामे झाले. कंडक्टर म्हणाला, "ड्रायव्हर, रस्ता गेला तर गेला, पाणी कुठे पळालंय?" दोघांनी मिळून एक जुनी मासेमारीची बोट घेतली, बाकं ठोकली, वर ताडपत्री टाकली. कंडक्टरने डेपोतून आणलेली घंटा टपाच्या दांडीला बांधली. एक टोल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बोटीत चढणाऱ्यांना तो सवयीने सांगायचा, "आत सरका, दारात गर्दी करू नका." बोटीला दार नव्हतं.

मी त्यांच्याबरोबर जायला लागले तेव्हा माझी शाळेतली नोकरी नुकतीच सुटली होती. मामा बोलत नसे, कंडक्टर बोलायचा पण पक्ष्यांबद्दल नाही, म्हणून प्रवाशांना माहिती सांगायचं काम माझ्याकडे आलं.

बेटं तीन. बोटवाल्यांच्या तोंडी त्यांची नावं घरातल्या भावंडांसारखी: थोरलं, मधलं, धाकटं. धाकट्यावर सील ऊन खात पडलेले असायचे, मधल्याभोवती बहुतेक वेळा डॉल्फिन दिसायचे. थोरल्यावर मात्र विणीचे चार महिने सुरय या समुद्रपक्ष्यांचं राज्य. पंधरा-वीस हजार तरी असतील. त्या दिवसांत तिथे कोणालाही उतरायची परवानगी नसे. बोट दोन-अडीचशे मीटर लांबून बेटाला वळसा घालायची. एवढ्या लांबूनही कलकलाट असा, की मला माहिती ओरडून सांगावी लागायची.

पण अधूनमधून एक गोष्ट घडायची. सगळा आवाज अचानक बंद. सूचना नाही, कारण नाही. हजारो चोची एकदम मिटायच्या आणि सगळे पक्षी पाण्याला लागून, पंखांचाही आवाज न करता समुद्राकडे सुटायचे. आमच्या डोक्यावरून जायचे. मिनिटभराने परत फिरायचे, ओरडायला लागायचे, जसं काही झालंच नाही. बोटवाले याला धसका म्हणतात. पक्ष्यांना धसका बसतो, इतकंच. प्रवाशांना फार गंमत वाटायची. मामा मात्र तेवढा वेळ सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरून समोर बघत राहायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "माणसांनी भरलेली बस एकदम गप्प झाली, की समजावं, पुढे काहीतरी आहे."

त्या विणीच्या चार महिन्यांत बेटावर एकच माणूस राहायचं. आम्ही तिला पक्षीवाली म्हणायचो. पक्ष्यांच्या पायांत कड्या घालणं, घरटी मोजणं, नोंदी ठेवणं हे तिचं काम. वय चौतिशीचं, अंगाने काटकुळी, आणि विनोद असा कोरडा की कळायला दोन मिनिटं लागायची. धक्क्याच्या पायऱ्यांच्या वर एक दगडी खोली होती, तिथे ती राहायची. दर रविवारी आम्ही तिला पाणी आणि सामान पोचवायचो. तिच्याजवळ वायरलेसचा संच होता, पण तो चार्ज करायची पंचाईत. म्हणून मामानेच नियम घालून दिला: संच फक्त अडचणीसाठी. बाकी रोज आमची बोट धक्क्यासमोरून जाताना तिने पायऱ्यांवर उभं राहून दोन्ही हात पसरायचे. म्हणजे सगळं ठीक. काळा रेनकोट घातलेली ती बारकी आकृती दिसली, की कंडक्टर दोन टोल द्यायचा, प्रवासी हौसेने हात हलवायचे आणि आम्ही पुढे जायचो.

पक्षीवालीची आई दुसऱ्या गावी असायची. रोज संध्याकाळी तिचा मामीला फोन. मामी फोनवर हात ठेवून आत विचारायची, "अहो, दिसली का आज?" मामा म्हणायचा, "दिसली." मामी सांगायची, "दिसली हो, मजेत आहे." दोघी मग बराच वेळ गुडघेदुखीवर बोलायच्या.

ज्या आठवड्याबद्दल सांगतेय, त्या आठवड्यात समुद्र जरा उचललेला होता. मंगळवारी ती दिसली. बुधवारी दिसली. गुरुवारी आणि शुक्रवारीही. चारही दिवस मी स्वतः पाहिली, हातही हलवला.

शनिवारी बोटीत एक म्हातारे गृहस्थ होते, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या गळ्यात चांगली भारी दुर्बीण होती. आम्ही धक्क्यासमोरून पुढे गेलो, सील बघायला वळलो, तरी ते मागेच बघत होते. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "त्या बाई हात खाली घेत नाहीयेत."

"काय?"

"सात मिनिटं झाली. मी घड्याळ लावून बघतोय. माणूस सात मिनिटं असे हात धरू शकत नाही हो."

मी मामाला सांगितलं. त्याने मागे वळून पाहिलंच नाही. आधी वायरलेस उचलला. तीन वेळा हाक मारली. नुसती खरखर. मग त्याने बोट वळवली. धक्क्याकडे जाताना वाटेत एक मोठा खडक आडवा येतो, त्यामागून जेमतेम अर्धं मिनिट धक्का दिसत नाही. आम्ही खडकाला वळसा घालून बाहेर आलो तर पायऱ्या रिकाम्या होत्या.

"आत गेली असेल," कंडक्टर म्हणाला. पण त्याने घंटेची दोरी सोडली नव्हती.

बोट त्याच्यावर सोपवून मामा आणि मी उतरलो. मामाचा पाय शेवाळावरून घसरला, मी त्याचा दंड धरला. पायऱ्यांवर पक्ष्यांची विष्ठा पांढरी पसरलेली होती, ताजी, अखंड. तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

खोलीचं दार नुसतं लोटलेलं. आत खुंटीला काळा रेनकोट. हात लावला तर कोरडा ठणठणीत. टेबलावर अर्धा कप चहा, त्यावर बुरशीची साय. पाव हिरवा पडलेला. वायरलेसचा संच चार्जरवर तसाच, त्यावरचा दिवाही विझलेला. शेजारी नोंदवही उघडी. शेवटची नोंद सोमवारची, दुपारी तीनची: "उत्तरेकडच्या घळीत जाते."

मामाने ती ओळ बोट ठेवून वाचली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आज शनिवार ना गं?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. तो खुर्चीवर बसला आणि लगेच उठला, जणू खुर्ची कोणाची तरी होती.

"मग आपण रोज पाहिलं ते कोण?" मी विचारलं.

"आत्ता नको," मामा म्हणाला.

बेट फार मोठं नाही, पण उत्तरेची बाजू म्हणजे नुसत्या फटी आणि भेगा. त्यात कलकलाट एवढा की हाक आपल्याच कानाला पोचेना. पक्षी डोक्यावर झडप घालत होते. आम्ही पंधरा-वीस मिनिटं शोधलं असेल. तेवढ्यात धसका बसला. सगळं बेट गप्प. बोटीतून ती शांतता ऐकणं वेगळं, तिच्या मधोमध उभं राहणं वेगळं. मला असं वाटलं की पक्षी ज्याला घाबरले ते आमच्याच बाजूला, खांद्याला खांदा लावून उभं आहे.

पक्षी परतले. पाच मिनिटांत पुन्हा धसका. मग पुन्हा. एरवी दिवसातून एखाद-दुसरा व्हायचा.

मामाने माझं मनगट धरलं. "बघ, सुरुवात कुठून होते ते बघ. दर वेळी त्याच घळीवरचे आधी उठतात. तिथे काहीतरी हलतंय."

पक्षी त्याला आवडत नसत. पण बावीस वर्षं आरशात मागची गाडी बघावी तसा तो त्यांच्यावर नजर ठेवून होता. आम्ही त्या घळीकडे गेलो. खाली, दोन दगडांमध्ये पाय अडकलेली पक्षीवाली पडली होती. लाल स्वेटर, ओठ फुटलेले, डोळे उघडे. जिवंत होती. आमच्या हाका ऐकून ती हातातला दगड खडकावर आपटत होती. आम्हाला तो आवाज अजिबात ऐकू आला नव्हता. पक्ष्यांना आला होता.

मामा खाली उतरला. या माणसाला जिन्यावरून उतरतानाही कठडा लागायचा. त्याने दगड सरकवला, तिला पाठीवर घेतलं. ती पहिलं वाक्य बोलली ते मला उद्देशून: "आठ अंडी खाल्ली मी. वहीत लिहायचंय."

दुसरं वाक्य ती बोटीत बोलली. प्रवाशांनी आपापले कोट तिच्या अंगावर घातले होते, घड्याळवाले आजोबा चमच्याने पाणी पाजत होते. मंगळवारी पडलेल्या पावसाचं पाणी एका खळग्यात साचलं होतं, त्यावर ती तगली होती. घळीच्या फटीतून तिला समुद्राची एक पट्टी दिसत होती, तेवढीच.

"मामा," ती म्हणाली, "तुमची बोट रोज दिसायची मला. मी ओरडायचे. तुम्ही सगळे हात हलवायचात. धक्क्याकडे बघून, हसत."

मामाने तिच्या अंगावरचा कोट नीट ओढला.

"मला वाटलं, बेटावर अजून कोणीतरी आलंय. बरं वाटलं. त्याला हाका मारल्या. पहिले दोन दिवस खूप मारल्या. मग बंद केल्या. म्हटलं, इतक्या हाका मारूनही जो येत नाही, तो आला नाही तेच बरं."

तिचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. दवाखान्यात ती दीड महिना होती. पक्षी खात्याची माणसं आली, चौकशी झाली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: धक्क्यावर दोर बांधायचा लोखंडी खांब आहे, त्यावर पाणकावळा बसतो, पंख पसरून वाळवतो; उन्हात, तुषारांत लांबून माणसासारखा दिसतो. शिवाय तुम्ही तीच आकृती बघायला टपलेले. पटण्यासारखं होतं. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, पाणकावळा मी बावीस वर्षं बघतोय. पण तुम्ही म्हणता तसं लिहा."

घड्याळवाल्या आजोबांनाही विचारलं. ते म्हणाले, "मी माणूस पाहिला. पाठमोरा. समुद्राकडे पाठ करून, बेटाकडे हात पसरून उभा होता." ते पुन्हा कधी बोटीवर आले नाहीत.

मामाला मात्र वेगळाच काटा टोचत होता. तो पक्षीवालीच्या आईकडे गेला. सहा तास बसने, खिडकीजवळ बसून, दुसऱ्याच्या ड्रायव्हिंगला नावं न ठेवता. मी बरोबर होते. दारातच त्याने हात जोडले. "चार संध्याकाळी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

म्हातारीने त्याला आत घेतलं, बसवलं. "खोटं कसं? दिसलं ते सांगितलंत."

"न बघता सांगितलं," मामा म्हणाला. "थांबा आला की आपोआप ब्रेकवर पाय जातो ना, तसं. बघितलं कुठे?"

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि माझा मामा, ज्याला मी आजीच्या जाण्यातही रडताना पाहिलं नव्हतं, तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

पुढच्या वर्षी पक्षीवाली परत आली, जराशी लंगडत. आता बेटावर दोन माणसं ठेवायचा नियम झाला होता. तिच्या जोडीला एक निवृत्त नर्स आली. मामाने हातांची खूण कायमची बंद केली. रोज वायरलेसवर दोघींनी बोलायचं, आणि कालचं वाक्य आज चालणार नाही, अशी अट घातली. पक्षीवाली मग मुद्दाम काहीतरी काढायची: "आज नर्सबाईंनी मीठ समजून साखर घातली." "आज एका सुरयाने माझ्या वहीवर शेरा मारला." मामा ऐकायचा, "बरं" म्हणायचा.

त्या हंगामाच्या शेवटी, पक्षी उडून गेल्यावर, बेट अगदी मोकळं असताना, मामाने एकदा बोट धक्क्याला लावायला सांगितली. प्रवासी नव्हते. तो एकटा उतरला, पक्षीवालीचा काळा रेनकोट मागून घेऊन आला होता, तो घातला. आम्हाला म्हणाला, "रोजच्या अंतरावर जा आणि बघा."

आम्ही गेलो. तो पायऱ्यांवर उभा राहिला, दोन्ही हात पसरले. मी आणि कंडक्टर बघत राहिलो. कंडक्टरने घंटेला हात लावला नाही.

परत येऊन त्याला घेतलं. रेनकोटाची घडी घालत त्याने विचारलं, "काय?"

"तू दिसलास," मी म्हणाले.

"त्या आठवड्यात दिसलं तेवढाच?"

मी कंडक्टरकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. "नाही मामा," मी म्हटलं. "जे दिसायचं ते उंच होतं. बरंच उंच."

मामाने मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं, आणि इंजिन चालू केलं. त्यानंतर आणखी तीन हंगाम तो बोटीवर होता. आता सुकाणू माझ्याकडे आहे. नर्सबाई थकल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या, पक्षीवाली तीच. धक्क्यासमोर आलं की मी वायरलेस उचलते, दोन आवाज ऐकते, आणि प्रवाशांना उजवीकडचे सील दाखवते. लहान मुलं कधीकधी तरीही डावीकडे बघून हात हलवतात. मी त्यांना कोणाला हलवताय ते विचारत नाही.