वळचणीचा उंदीर

दारावर काठी आपटून ते आत डोकावत आणि रामराम न घालता विचारत, "उंदीर पडला का?"

कुंडलजवळच्या आमच्या गावात प्लेग आला होता. पलटणीतून पेन्शनीवर आलेले हे हवालदार आणि शाळा बंद पडल्यामुळे रिकामा झालेला मी, असे आम्ही रोज घरोघर फिरायचो. घरात उंदीर मेलेला दिसला की त्याच दिवशी माणसं माळावरच्या झोपड्यांत हलवायची, हे आमचं काम. लोक उंदीर लपवायचे. भरलं घर सोडायचं कुणाच्या जिवावर येत नाही? हवालदारांना मात्र उसंत म्हणून नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भाकरीसुद्धा चालता चालता खाणारी. एक म्हातारा म्हणाला, "आवं हवालदार, तुमची काठी ऐकूनच उंदरं मरत्यात." सगळे हसले, हे नाही हसले.

"चला गुरुजी, म्होरल्या घरी."

या म्होरल्या घरांच्या नादात त्यांचं स्वतःचं घर तेवढं राहून जाई. माझ्याही ते ध्यानात आलं नाही.

त्यांची एकुलती लेक बाळंतपणाला आली होती. ती बाळंत झाल्याच्या सहाव्या दिवशी मी हवालदारांना बोलवायला गेलो. ते आधीच बाहेर पडलेले. परसात त्यांची बायको उकिरडा उकरत होती आणि शेजारी मेलेला उंदीर. मला बघताच तिनं माझे पाय धरले.

"गुरुजी, ह्यांना सांगू नगासा. वली बाळंतीण हाय. माळाच्या वाऱ्यानं मरंल माझी लेक."

मी सांगितलं नाही. चार बुकं शिकलेला मी. पण बाळंतिणीला बारा दिवस वाऱ्याला काढत नाहीत, हे माझ्याही हाडीमाशी भिनलेलं. रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी न राहवून बोललो. आजही त्या एका दिवसाची मला लाज वाटते.

ते तडक घरी गेले. सोयेर असल्यामुळे बाळंतिणीच्या खाटेला कुणी हात लावेना. पुढून त्यांनी धरली, मागून मी. पण माळावर पोचेपर्यंत पोरीला ताप भरला होता. मग काखेत गाठ आली. चौथ्या दिवशी ती गेली. बाळ तेवढं राहिलं.

दिवस झाल्यावर हवालदार माझ्याकडे आले.

"गुरुजी, दोनदा हिरीवरनं माघारी आणली बायकूला. 'म्याच लेक मारली' म्हणती. म्हून मी तिला सांगितलंया, तू बघायच्या आदीच मी वळचणीला उंदीर बघितला हुता आन् गप बसलो. कुणी इचारलं तर तुमीबी तसंच सांगा."

बाई विहिरीकडे जायची थांबली. नवऱ्याला शिव्या घालत गावभर सांगू लागली. लोकांनी हवालदारांच्या तोंडावर दारं लावली. "सोताच्या घरचं लपवतंय आन् आमाला माळावर घालवतंय!" एकीनं तर शेणपाणी फेकलं. त्यांनी धोतर झटकलं आणि पुढची आळी धरली. मी मागून चालत होतो, आणि तोंड उघडत नव्हतो.

साथ हटली. पुढं दोन वर्षांनी हवालदारही गेले. परवा त्यांच्या घरी गेलो होतो. म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

"गेलेल्या माणसाला बोलू न्हाई गुरुजी," ती म्हणाली, "पर ह्यांनीच माझी लेक खाल्ली. आदी बघून गप बसलं. तुमाला ठावं हाय न्हवं?"

"व्हय काकी," मी म्हणालो, "ठावं हाय."