दुसऱ्या दिवसाचा रकाना

"बघा, या बाई," सरांनी पेन माझ्याकडे रोखलं. "द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये दहा-दहा तास उभ्या राहायच्या. आता म्हणतात थकवा येतो. काय म्हणाल?"

समोर सहा-सात शिकाऊ डॉक्टर. पांढरे कोट. मी तपासणीच्या खाटेवर, पाय खाली सोडून बसलेली. मग सरच म्हणाले, "या लोकांना कष्टाची सवय असते. हा आजार डोक्यानं काम करणाऱ्यांचा." पुढचं इंग्रजीत बोलले. मला सगळं कळलं नाही. 'लेझी' तेवढं कळलं. आमच्या सुपरवायझरच्या तोंडात तो शब्द दिवसभर असतो.

एक पोरगा हसला. त्याच्या मागोमाग मीही हसले. हे सांगायची आजही लाज वाटते. मोठा माणूस हसला की आपणही हसायचं, हे अंगात इतकं मुरलेलं होतं की मी स्वतःवरच हसले.

मी पिंपळगावजवळच्या खेड्यातली. दहावी पास. बारा हंगाम द्राक्षाच्या पॅकिंगला गेले. टेबलापाशी उभं राहायचं, घड उचलायचा, कात्रीनं खराब मणी काढायचे, डब्यात भरायचा. सकाळी आठला उभी राहिले की जेवायलाच बसायचे. कधी तक्रार केली नाही. गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी ताप आला. पाच दिवसांत ताप उतरला, पण ताकद काही परत आली नाही. डोकं विंचरायला हात वर धरले की गळून जायचे. एक दिवस बऱ्यापैकी काम झालं तर पुढचे चार दिवस अंथरुणात. उजेड नको, बोलणं नको, हंड्याचा आवाजसुद्धा नको.

रिपोर्ट सगळे नॉर्मल. इथंच घात झाला. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे बाई खोटारडी.

सासूबाई म्हणाल्या, "ताप जाऊन वरीस झालं. आता कसलं दुखणं हाय?" सुपरवायझर म्हणाला, "बसून काम पाहिजे तर डॉक्टरचा कागद आणा. नायतर उद्या सगळ्याच बसतील." नवरा कामावरून आला की आधी चुलीकडं बघायचा, मग माझ्याकडं. मला ते समजायचं. शेवटी मीच माझ्यावर संशय घ्यायला लागले. खरंच चाळे करते की काय मी? पडल्या पडल्या पाय हलवून बघायचे. हलतात तर. मग उठवत का नाही?

मला एक कागद पाहिजे होता. या बाईला आजार आहे, हिला बसून काम द्या, एवढंच लिहिलेला. बसून लेबल लावायचं काम मला जमलं असतं. तेवढ्यासाठी मी नाशिकच्या त्या मोठ्या दवाखान्यात गेले. तापानंतरच्या थकव्यावर तिथं संशोधन चाललंय, असं कळलं होतं. नाव घातलं तर शेवटी कागद देऊ, असं तिथल्या शिकाऊ डॉक्टर मॅडम म्हणाल्या. बिचारी पोरगी वयानं लहान होती, बोलायला बरी होती.

दर महिन्याला एक तपासणी. रक्त घ्यायचे. मग लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायचं, किती चालले ते मोजायचे. घरी रोज चालायचं, दर आठवड्याला थोडं वाढवायचं, असं सांगितलेलं; मी उठवेल त्या दिवशीच चालायचे. रक्त कुठं जातं, विचारलं. "पुढं," मॅडम म्हणाल्या. पुढं कुठं, ते कुणी सांगितलं नाही. माझं रक्त कुणाच्या तरी पुस्तकात जाणार आणि माझ्या हातात काय येणार, हा संशय तेव्हाच आला होता. पण कागदाच्या आशेनं मी गप्प.

आता माझी चूक सांगते, कारण चूक माझीही होती.

तपासणीच्या आधी तीन दिवस मी काही म्हणजे काही करायचे नाही. भाकरीसुद्धा जाऊबाई टाकायची. तेवढा आराम केला तरच नाशिकच्या आडगाव नाक्यापर्यंत एसटीनं बसून जाता यायचं. आणि जायच्या दिवशी ठेवणीतली साडी, वेणी, कपाळाला नीट टिकली. मोठ्या डॉक्टरांकडं काय पारोशानं जायचं? सरांनी विचारलं, "काय ताई, कसं आहे?" की मी म्हणायचे, "बरंय सर." मोठ्या माणसानं विचारलं तर आमच्यात असंच म्हणतात. रडगाणं काय गायचं? मग मी चालून दाखवायचे. जीव खाऊन चालायचे. आधीपेक्षा दोन पावलं जास्तच. मेली पाहुण्यांपुढं मिरवायची सवय.

घरी आले की पडायचे. चार दिवस. एकदा सहा दिवस. तोंडात चमचा घालायला जाऊबाई.

मी हे मॅडमला सांगितलं. एकदा नाही, तीनदा. "मॅडम, मी चालते, पण दुसऱ्या दिवसापासून मेल्यासारखी पडते. तेवढं लिहा." त्या फॉर्म चाळायच्या. म्हणायच्या, "ताई, त्याचा रकानाच नाहीये."

डिसेंबरात शेवटची तपासणी झाली. ते पेन रोखणं, ते 'लेझी', ते त्याच दिवशीचं. शिकाऊ पोरं बाहेर गेली आणि सरांनी फॉर्म पुढं केला. "इथं सही करा ताई. छान प्रगती आहे तुमची."

फॉर्म इंग्रजीत. आधीच्या पाच वेळा मी न वाचता सही केली होती. या वेळी हात पुढं गेला नाही. हसले होते त्याची आग अजून गालावर होती. मी मॅडमला म्हटलं, "वाचून दाखवा. मराठीत."

मॅडमनी सरांकडं बघितलं. मग वाचलं. व्यायामानं रुग्णात सुधारणा. थकव्याची तक्रार आहे, पण शारीरिक कारण आढळलं नाही. पूर्वीचं काम करायला हरकत नाही.

सहा महिने मी ज्या कागदासाठी मरमर चालले, तो हा होता. दहा तास उभं राहायचा परवाना. आणि खाली जागा माझ्या सहीची.

मी म्हटलं, "सर, मला उद्या बघायला या."

"म्हणजे?"

"आज मी तीन दिवस झोपून आले. तुम्ही दर वेळी आजचंच मोजता. उद्याचं मोजत नाय."

"ताई, संशोधन असं चालत नाही."

तेव्हा मी त्यांना आमचं काम सांगितलं. कसं सुचलं माहीत नाही. "आमच्याकडं परदेशी माल जातो ना सर, तर प्रत्येक बागेतली दोन खोकी आम्ही पाठवत नाय. कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतो. पंधरा दिवसांनी उघडून बघतो, महिन्यानं बघतो. देठ सुकला का, मणी गळले का. पॅकिंगच्या दिवशी सगळाच माल चांगला दिसतो. त्यावरून कुणी सही देत नाय. आमचा सुपरवायझर काही शिकलेला नाय, पण त्यालापण एवढं कळतं."

सर हसले. "अहो, द्राक्षं वेगळी, माणूस वेगळा."

"व्हय ना सर. द्राक्षांसाठी एवढं करतात."

ते हसायचे थांबले. म्हणाले, "सही करायची नसेल तर नाव काढून घ्या. मग कागदबिगद काही मिळणार नाही."

सरळ होतं. नाव काढलं असतं तर सहा महिन्यांतली मी पुसली गेले असते. सही केली असती तर बरी झालेली बाई म्हणून त्यांच्या पुस्तकात गेले असते. आणि उद्या दुसरी कुणी असली बाई आली असती, तर तिला माझाच दाखला दिला असता. बघा, ती चालून बरी झाली. तुम्हीच आळशी.

मी मॅडमच्या हातातलं पेन घेतलं. फॉर्मच्या कडेला, मराठीत, दहावीच्या अक्षरात लिहिलं: 'मी बरी नाही. चालल्यावर दर वेळी चार ते सहा दिवस अंथरुणात होते. तीन वेळा सांगितलं, लिहिलं नाही.' त्याच्या खाली सही केली. त्यांच्या जागेवर नाही केली. मग मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

"फॉर्म खराब केलात," सर म्हणाले.

मी मोबाइल पिशवीत टाकला. या वेळी हसले नाही.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला. मी पडूनच होते. हळू बोलत होत्या, कुणी शेजारी उभं असावं तसं. "ताई, सर म्हणतायत नवीन फॉर्म करू. कोरा. तुम्ही फक्त सही करा. मग बसून कामाचं पत्रही देतील."

म्हणजे पत्र देता येत होतं तर. आजार नव्हता म्हणून अडलं नव्हतं. सही पाहिजे होती म्हणून अडवलं होतं. इतके दिवस मला खोटारडी ठरवत होते, आणि खोट्याचा बाजार तिकडं मांडला होता.

घरात सगळे माझ्याकडं बघत होते. नवरा म्हणाला, "दे ना करून सही. कागद तरी मिळंल." चुकीचं नव्हता बोलत. हंगाम पंधरा दिवसांवर आला होता.

मी फोनवर सांगितलं, "मॅडम, मी लिहिलेलं खोडू नका. नवीन फॉर्म नको. पत्र द्यायचं तर खरं द्या."

पत्र आलं नाही.

आता पॅकहाऊस सुरू झालंय. गावातल्या बायकांची गाडी सकाळी दारावरून जाते, माझी जागा दुसरीला दिली. सासूबाईंचं तोंड चालू असतं. असू दे. बरं वाटतं का म्हणून आता कुणीही विचारलं, मोठा असो की लहान, मी बरंय म्हणत नाही. आहे ते सांगते. ज्याला ऐकवत नसेल त्यानं विचारू नये. आणि माझ्या अंगावर कुणाला काही शिकायचं असेल तर त्यानं इथं खेड्यात यावं, मी पडलेली असताना यावं, माझ्या उशाशी बसून लिहावं, आणि लिहिलेलं मला वाचून दाखवावं. तोवर सही मिळणार नाही.