मंजूचा वरचा सा

लग्न ठरताना मी बेधडक ठोकून दिलं होतं — "गायन येतं." येत होतं काय, तर माहेरी गायनाच्या क्लासखालून जाताना कानावर पडलेलं सा रे ग म प ध नि! एवढ्यावर थांबावं ना... छे! उल्हासनगरला कॅम्पात बिऱ्हाड केल्यावर बाईसाहेब स्वतःच्या लेकीच्या गुरूच झाल्या.

मंजू दुसरीत होती. "नि" आला की मी टाळी वाजवायचे, "झालं!" ती हटून बसायची. "आई, अजून एक आहे. वर."

"सातच असतात गं, माझे आई! आठ सूर ऐकलेस कधी?"

शेजारच्या सिंधी भाभी हसायच्या, "मंजू की मम्मी, बोलने दो ना बच्ची को!" मी कसली ऐकतेय.

त्याच वर्षी मंजू तापात गेली. तापातसुद्धा "नि"पर्यंत यायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "झोप आता."

त्यानंतर ह्यांनी घरात तिचं नाव कधी काढलं नाही. मीही नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही हो. सुनेला चिडवायला मी मुद्दाम अमावास्येला नखं कापते!

गेल्या वर्षी बदलापूरला, आमच्या शिरगावच्या सोसायटीत भजनाचा वर्ग निघाला. पहिल्याच दिवशी मी "नि"वर थांबले. बाई म्हणाल्या, "काकू, वरच्या 'सा'वर जा ना! असं अधांतरी काय सोडता?" आणि त्यांनी तो लावून दाखवला. पाणी प्यायचं निमित्त करून मी उठले. लेक बरोबर होती... आणि मी तिला गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता म्हणायला घेतलं. मुलगा-सून कामावर, लाइट गेलेली, टीव्ही बंद. सा रे ग म प ध नि... आणि तिथेच थांबले.

मागून वरचा सा आला. पातळ, जरासा शेंबडा — मंजूचा. दम संपला तरी ओढून धरलेला, ती धरायची तसा.

मी वळले नाही. वळले तर थांबेल, असं वाटलं.

वरच्या नाहीतर खालच्या घरातलं पोर असेल म्हणून नंतर वर-खाली जाऊन आले. दोन्ही घरांना कुलूप. काय होतं ते, अजून मला कळलेलं नाही.

हे बाल्कनीत पेपर वाचत होते. मी नुसता चहा नेऊन ठेवला. पेपर तोंडासमोर तसाच धरून हे म्हणाले,

"पोचली बघ मंजू. आता पुन्हा तिला सातवर थांबवू नकोस."