साहेबानं विकेट सोडली नाही

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला खराखुरा इंग्रज होता म्हटलं, की नातवंडं म्हणतात, आजोबा थापा मारतायत. थापा कसल्या मेल्यांनो! स्वातंत्र्यानंतर बाकीचे साहेब बोटीत बसून गेले, हा रत्नागिरीत राहिला. बांगड्याचं तिखलं हातानं ओरपायचा आणि आम्हा पोरांनाही अहो-जाहो करायचा. विलायतेत तो नामांकित संघातून क्रिकेट खेळलेला, पण हौशी म्हणून; शाळामास्तरकी हाच त्याचा खरा धंदा.

त्याची एक रीत होती. बॅटची कड लागून झेल गेला, की पंचाकडे न बघता हा चालू पडायचा. आम्हाला ते वेड वाटायचं. पंच नाबाद म्हणत असेल तर राहा की उभा, चालून आलेली लक्ष्मी कोण लाथाडतो! पण गावच्या पंचांना त्याची इतकी सवय झाली, की साहेबाविरुद्ध अपील झालं की ते फक्त त्याचे पाय बघत. हलले तर बाद, नाही तर नाबाद.

माझे अब्बा शिडाच्या गलबतावर तांडेल, खलाशांचे मुकादम. मी अकरावीत होतो, तेव्हा अकरावी म्हणजेच मॅट्रिक, आणि दिवाळीनंतर मला गलबतावर न्यायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. साहेबाला कळलं तसा तो घरी आला, चटईवर मांडी घालून बसला, चहा प्यायला, आणि पोराला मॅट्रिक होऊ द्या म्हणाला. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? अब्बांनी तोड काढली. जिल्ह्याचा संघ निवडायला बाहेरची माणसं येणार आहेत, त्यांनी पोराला घेतलं तर राहील शाळेत, नाही तर शिडावर. दोघांनी हातावर हात मारला. आमच्या घरात शब्द दिला की दिला.

निवडीच्या सामन्यात पोरांबरोबर मास्तरही खेळत. नेमकं त्याच सकाळी अब्बांनी मला गलबताच्या मालकाला दाखवायला बंदरावर नेलं. तिथून सुटून मी घाटी चढून धापा टाकत पोचलो, तर आमचे गडी धडाधड बाद होत होते. मला शेवटी पाठवलं. समोर साहेब खेळत होता. तो बाद झाला, की एकही चेंडू न खेळता माझा खेळ खलास, आणि शाळाही.

जांभ्या कातळावर अंथरलेल्या काथ्याच्या मॅटवरून चेंडू उसळला. टक्! माझ्या टोकाला स्वच्छ ऐकू आलं. यष्टिरक्षकानं झेल घेतला, सगळे ओरडले. मी मान खाली घालून सावलीकडे निघालोसुद्धा.

पंच होते आमचे ड्रॉइंगचे मास्तर. त्यांनी साहेबाचे पाय बघितले. पाय हलले नव्हते. साहेब मॅटकडे बघत उभा, कानांपर्यंत लाल झालेला. मास्तर म्हणाले नाबाद, आणि समोरच्या संघानंही चूपचाप चेंडू परत फेकला. साहेब उभा आहे म्हणजे लागलीच नसणार, असंच सगळे समजले.

पुढच्या चेंडूवर त्यानं एक धाव काढून मला समोर आणलं. मग मी खेळलो. कसा खेळलो ते सांगत नाही, उगाच बढाई नको. पण निवडणाऱ्यांनी मला जवळ बोलावून वडील काय करतात ते विचारलं, तेव्हाच मी समजलो, आपली निवड झाली. अब्बांनी शब्द पाळला. मी मॅट्रिक झालो, पुढे मास्तर झालो, आणि या घरातल्या प्रत्येक घासाला त्या माणसाचा हात लागलाय असं मी आजही मानतो.

सामना संपल्यावर काजूच्या झाडाखाली तो पॅड सोडत बसला होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"तुम्ही ऐकलंत?" त्यानं विचारलं.

"हो सर."

"मीपण ऐकलं."

एवढंच बोलला आणि पट्टे सोडत राहिला. पुढल्या शनिवारी गावात सामना होता. साहेब पंचाचा पांढरा कोट घालून मैदानात आला. त्यानंतर रत्नागिरीत होता तोवर सामन्यात त्यानं बॅट हातात धरली नाही. गावाला वाटलं, म्हाताऱ्याचे गुडघे गेले.