कडक उपास

उपास म्हणजे काय हे मला शिकवायला निघालेला तो डॉक्टर आठवला की आजही माझं टाळकं सटकतं. आम्हाला उपास शिकवतोय! सोमवार, एकादशी, संकष्टी, हरताळका करण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना!

लढाईचा काळ होता. माझी थोरली बहीण, आमची बाय, शेणवे गावात दिलेली. पहिलं मूल अंगावर पीत होतं आणि तिच्या छातीत गळू झालं. पोटिसं झाली, पाला बांधून झाला, गळू काही फुटेना. बाय तापाने फणफणली. नवरा मुंबईला गिरणीत, म्हणून सासऱ्यानेच गाडी जुंपली, मला सोबतीला घेतलं आणि तिला शहापूरच्या दवाखान्यात आणलं. कापाकापी करणारा डॉक्टर तिथे रोज नसे, मधूनमधून मोटारीने यायचा. कंपाउंडर म्हणाला, "उद्या येतील. गुंगीचं औषध देऊन कापतील, हिला कळणारसुद्धा नाही. तोवर हिला उपास."

बस, एवढंच बोलला. उपास.

बायचा जीव भांड्यात पडला. तिला मरणाची नव्हे, सुरीची भीती होती. "काय कळणार नाय म्हणतो गो," असं मला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मी धर्मशाळेत चूल मांडली. वरीचा भात केला, दाण्याची आमटी केली, रताळी उकडली. मीठसुद्धा सैंधव, शोधून आणलेलं. सकाळी निघताना तिला पुन्हा पोटभर खाऊ घातलं, वर पेलाभर दूध दिलं. कापून घ्यायला निघालेल्या बाईच्या पोटाला आधार नको?

बायला टेबलावर निजवल्यावर डॉक्टरने विचारलं, "उपाशी आहे ना?"

"तर! कडक उपास," मी म्हटलं. "वरीचा भात नि रताळी, दुसरं काय नाय. आत्ताच खाऊन आली."

काय भडकला म्हणून सांगू! हातातली क्लोरोफॉर्मची बाटली त्याने आपटलीच. "भरल्या पोटी हे हुंगवलं तर ओकारी होते, ती श्वासात अडकते आणि माणूस जातो! उपास म्हणजे पोटात काही नाही! अक्कल आहे की नाही तुम्हा लोकांना?"

आता अक्कल कोणाची काढायची, तुम्हीच सांगा. 'पोटात अन्नाचा कण जाऊ देऊ नका,' एवढं बोलायला त्या कंपाउंडरला काय धाड भरली होती? आणि हा डॉक्टर तरी? याच्या घरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी होत नव्हती? कंपाउंडर शेजारीच उभा राहून पट्ट्या गुंडाळत होता. शिव्या खाल्ल्या त्या मी.

मी म्हटलं, "मग संध्याकाळी कापा. पोट रितं होईल तवर."

मोटार थांबणार नाही म्हणाला. पुन्हा येईपर्यंत ठेवलं तर विष अंगात भिनेल म्हणाला. "तशीच कापतो. क्षणभराचं काम आहे."

क्षणभराचं! त्याला काय जातंय बोलायला!

मी हात धरले, दवाखान्यातल्या बाईने पाय. बायने पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्याने सुरी घातली, पू काढला, मग आत बोट घालून फिरवलं आणि जखमेत औषधाची पट्टी ठासून भरली. बाय कमानीसारखी वाकली. डोळे पांढरे झाले, माझ्या मनगटात तिची नखं रुतली. पण हूं की चूं केलं नाही.

डॉक्टर हात धुताना कंपाउंडरला म्हणाला, "बघितलंस? आवाजसुद्धा नाही. या बायकांना फारसं दुखतच नाही. मॉर्फियाची सुई राहू दे." आणि कपाटाला कुलूप लावलं.

मी आडवी गेले. "दुखतंय हो तिला! सुई द्या."

"दुखलं असतं तर ओरडली नसती का?"

"कशी ओरडेल? पडद्याच्या पल्याड सासरा बसलाय तिचा!"

तो हसला. मेला हसला! मी काहीतरी गमतीचं बोलल्यासारखा. टोपी घातली आणि मोटारीत जाऊन बसला. सासऱ्यासमोर जिने कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती बाई छाती उघडी टाकून बोंबलेल, असं त्या शहाण्याला वाटत होतं.

मोटार गेली. थोड्या वेळाने बैलांना पाणी दाखवायला म्हणून सासरा उठला आणि नदीकडे गेला. बायने तोंडातला बोळा काढला.

"मामा गेलं गो?"

"गेलं."

"लांब?"

"लांब गेलं."

मग बाय ओरडली. तसं ओरडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि पुढेही ऐकलं नाही. रस्त्यावरची माणसं दाराशी गोळा झाली. कंपाउंडर पळत आत आला, तिच्याकडे बघत राहिला आणि माझ्यावरच खेकसला, "अहो, मग आधी नाही का ओरडायचं? कपाटाची किल्ली डॉक्टर घेऊन गेले!"