सासूबाईंसाठी लावलेला क्लास

पुण्याच्या माझ्या धाकट्या बहिणीला मी फोनवर सांगितलं की मी आयरिश भाषेचा क्लास लावलाय, तेव्हा ती म्हणाली, "ताई, सासूचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून बायका कानात बोळे घालतात, आणि तू मुद्दाम शिकून ऐकणार?" ती हसली, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला तिचा रागच आला, कारण माझ्या सासूबाई कुठल्या अवस्थेत आहेत हे तिला चांगलं ठाऊक होतं.

क्लास शनिवारी सकाळी असायचा, जर्सी सिटीतल्या एका चर्चच्या तळघरात. शिकवणारे सर निवृत्त शिक्षक होते आणि शिस्तीचे कडक. दार लोटून सरळ आत यायचं नाही, हा त्यांचा नियम. दारात उभं राहून आयरिशमध्ये 'आत येऊ का?' असं विचारायचं. मग ते आतून म्हणणार, "तार इश्त्याख", म्हणजे 'ये, आत ये'. इंग्रजीत विचारलं तर सर ढिम्म हलत नसत. "आयरिशमध्ये, प्लीज," एवढंच म्हणत आणि वाट बघत बसत. बाकीच्यांना हा जाच वाटायचा. मला नाही वाटला. आमच्या शाळेत 'बाई, आत येऊ का?' असं विचारल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायची कुणाची बिशाद नव्हती. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा तसं दारात उभं राहताना मला बरं वाटायचं.

वर्गातले बाकीचे सगळे आयरिश वंशाचे. कुणाला पणजोबांचं गाव शोधायचं होतं, कुणाला निवृत्तीनंतर तिकडे जाऊन राहायचं होतं. त्यांना सवड होती. एका बाईंनी मला कौतुकानं विचारलं, "तुम्ही कशा काय इकडे?" मी म्हटलं, सासूसाठी. त्यांना तो विनोद वाटला. विनोद कसला, सासूबाई जायच्या आत मला त्यांच्या एका तरी प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, कारण दुसरं कुणी देणारं उरलं नव्हतं.

सासूबाई आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या. तरुणपणी इकडे अमेरिकेत आल्या, लोकांच्या घरी स्वयंपाक केला, लग्न केलं, एक मुलगा वाढवला. तो माझा नवरा. त्याच्याशी त्या जन्मभर इंग्रजीत बोलल्या. मुलाच्या बोलण्याला गावाकडचा वास येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. घरात दुसरी एक भाषा आहे हे त्याला कळायचं ते फक्त त्यांचं बोट भाजलं की, किंवा त्या देवाचं काही पुटपुटल्या की.

आमचं लग्न झालं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला काय हाक मारू? त्यांनी आपलं नाव सांगितलं. आता सासूचं नाव घेणं माझ्या जिभेला कसं जमणार? आमच्याकडे सासूला आईच म्हणतात, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुला तुझी आई आहे ना?" त्यांचंही काही चूक नव्हतं. पण नाव माझ्या घशातून वर येईना आणि आई त्यांना चालेना, तेव्हा मी त्यांना काहीच हाक मारली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही नाही. काही सांगायचं असलं तर त्या माझ्याकडे बघेपर्यंत थांबायचे, नाहीतर खाकरायचे, भांडं वाजवायचे. मी त्यांना तुटक वाटत असणार. त्या तर मला वाटतच होत्या.

मग त्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी माणसांची नावं गेली, मग दिवस, आणि मग हळूहळू इंग्रजी. नर्सिंग होममध्ये सगळे म्हणायचे की त्या नुसती बडबड करतात. नवराही तसंच म्हणायचा. मला ते पटेना. ऑफिसात मी रोज तेलुगू आणि तमिळ ऐकते. एक अक्षर कळत नाही, पण माणूस बोलतोय की बरळतोय, हे कानाला कळतं. सासूबाई बोलत होत्या. मधे थांबत होत्या, कुणी उत्तर देईल म्हणून वाट बघत होत्या, आणि मग तोंड भिंतीकडे वळवत होत्या. मी ते फोनवर रेकॉर्ड करून इकडे तिकडे विचारत या तळघरापर्यंत पोचले. सरांनी ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "हे आयरिश आहे. त्यांच्या भागातलं जुनं. मलासुद्धा अर्धंच कळतंय. दार लावा म्हणतायत. पुढे काहीतरी विचारतायत."

नवरा पहिल्या शनिवारी माझ्याबरोबर आला. मधल्या सुट्टीत कॉफी आणायला गेला तो परत आलाच नाही. घरी आल्यावर म्हणाला, "आयुष्यभर तिनं ही भाषा माझ्यापासून लांब ठेवली. आता ती तीच बोलणार आणि मी पळत जाऊन शिकायचं का?" मी वाद घातला नाही. पुढे मी एकटीच जात राहिले.

मराठी माणसाला ही भाषा काही बाबतीत सोपी जाते. त्यांच्याकडेही भूक, लाज, दुःख बाहेरून येऊन माणसावर बसतं. आपल्याला नाही का भूक लागत, राग येत, तसंच. वर्गातले लोक तिथे अडखळायचे आणि मी पुढे सरकायचे. उच्चार मात्र अवघड. लिहिलेल्यातली निम्मी अक्षरं नुसती शोभेला असतात आणि उरलेली घशात कुठेतरी घासून काढावी लागतात. ट्रेनमधून ऑफिसला जाताना मी तोंडातल्या तोंडात सराव करायचे. शेजारचे लोक जरा सरकून बसायचे, त्याचा फायदाच झाला.

आयरिश नमस्काराची एक रीत आहे. 'देव तुझ्याबरोबर असो' असं कुणी म्हटलं की उत्तरात देवाच्या जोडीला मेरीमातेचंही नाव घ्यायचं. मिळालं त्याहून थोडं जास्त परत द्यायचं. आपण शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाही, तसं. एका रविवारी दुपारी मी सासूबाईंच्या पलंगाशी बसले आणि हा नमस्कार म्हटला. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. मग मान वळली, आणि त्या खणखणीत आवाजात उत्तरल्या, मेरीमातेसकट. खिडकीपाशी उभा असलेला नवरा मागे वळला. कित्येक महिन्यांत त्यांनी कुणाला उत्तर म्हणून काही दिलं नव्हतं.

मला भरून आलं. आणि त्या भरात मी त्यांना हाक मारली. आयरिशमध्ये आईला मॅम म्हणतात आणि हाक मारताना तो शब्द 'अ वॅम' असा होतो. माझ्या तोंडून तो इतका सहज बाहेर पडला की मलाच नवल वाटलं. इतकी वर्षं अडलेली हाक, ती तिसऱ्याच भाषेत सुटली. मला वाटलं, आता त्या माझ्याकडे बघतील.

त्यांनी दाराकडे बघितलं. डोकं उचलून कान दिला. मग माझा हात धरला आणि बारीक आवाजात विचारलं, "मॅम कुठे आहे?"

हे वाक्य मला कळलं, कारण 'कुठे आहे' हा आमचा दुसरा धडा होता. मांजर कुठे आहे, तर खुर्चीवर आहे. माणूस कुठे आहे, तर दुकानात आहे. बाई कुठे आहे, तर स्वयंपाकघरात आहे. माझ्याजवळ एवढीच शिदोरी होती. मी म्हटलं, "मॅम स्वयंपाकघरात आहे." सासूबाईंनी मोठा श्वास सोडला आणि उशीवर डोकं टेकलं.

पुढच्या शनिवारी मी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पण सासूला मॅम कोण म्हणतं?" मी म्हटलं, आम्ही म्हणतो. ते म्हणाले, "तिकडे नाही म्हणत. त्यांच्या घरात मॅमला हाक मारणारी म्हणजे बहीणच असणार. तुम्ही त्यांना थेट बहिणीपाशी नेऊन सोडलंत." मग त्यांनी मला 'ती वारली' हे कसं म्हणायचं तेही शिकवलं. हवं असलं तर वापरा, म्हणाले. मी ते पाठ केलं, पण कधी वापरलं नाही. दर भेटीत तोच प्रश्न यायचा आणि त्यांची आई कधी स्वयंपाकघरात असायची, कधी दुकानात, कधी पावसात भिजत यायची, कारण पाऊस हा आमचा पुढचा धडा होता. नवशिक्याच्या भाषेत कुणी मेलेलं नसतं. मला ते फसवणं वाटलं नाही. त्यांना तेवढ्यानं झोप लागायची.

गाडीत बसलं की नवरा दर वेळी इंग्रजीत विचारायचा, "माझं काही बोलली का?" मी खरं सांगायचे, की नाही बोलल्या. त्याचा चेहरा बघवायचा नाही. म्हणून एकदा मीच त्यांना सांगितलं, तुमचा मुलगा इथे आहे. त्यांनी नवऱ्याच्या पिकल्या मिशांकडे सभ्यपणे बघितलं, डॉक्टरकडे बघतात तसं, आणि मला म्हणाल्या, "तो शाळेत आहे."

मी त्याला ते सांगितलं. तो हसला. मग स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "मग मला घ्यायला कोण येणार?"

त्याच संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "तू अशी मराठीत गेलीस तर मी काय करू?" त्याला मराठी तीन शब्द येतात: चहा, पुरे आणि चल. मी म्हटलं, तेवढ्यावर भागव. पण मनात भीती बसली ती बसलीच. तिकडे लांब फ्रिस्कोला आमची मुलगी असते. तिला मी फोनवर मराठीत विचारलं, "अगं, मी म्हातारी होऊन इंग्रजी विसरले तर तू काय करशील?" तिला मराठी कळतं, पण ती नेहमीप्रमाणे इंग्रजीत बोलली. "मॉम, इतकं डार्क काय बोलतेस? तोपर्यंत कसलं तरी अ‍ॅप येईल ना." ती प्रेमळ पोर आहे, मला हसवायलाच म्हणाली. तिला मराठी बोलायला न शिकवण्याची माझी कारणं सासूबाईंच्या कारणांहून फार वेगळी नव्हती. मी विषय बदलला.

थंडीच्या शेवटी सासूबाईंनी खाणं सोडलं. नर्सनं बोलावून घेतलं म्हणून आम्ही दोघं गेलो. बाहेर काळवंडलेला बर्फ वितळत होता आणि खोलीत हीटर फार होता. त्यांचा श्वास मोजून मापून दिल्यासारखा येत होता. दुपारभर त्यांनी काही विचारलं नाही. मी इतकी वाक्यं तयार ठेवली होती, मॅम कुठे कुठे असू शकते त्याची, पण प्रश्नच आला नाही.

मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. दाराकडे नाही, माझ्याकडे. "अ वॅम," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या. आणि पुढे जे विचारलं ते मी दर शनिवारी तळघराच्या दारात उभी राहून विचारत होते. उशिरा घरी आलेली मुलगी उंबऱ्यात थांबून विचारते, तशा आवाजात. आत येऊ का?

पहिल्या धड्यातलं उत्तर. ते विसरणं शक्यच नव्हतं.

"तार इश्त्याख," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही कळेना, म्हणून त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा म्हटलं.

"काय म्हणाली?" नवऱ्यानं विचारलं.

"आत येऊ का, असं विचारलं."

"कुठे आत?"

"ते नाही सांगितलं."

"तू काय म्हणालीस?"

"ये म्हटलं."

मग आईचा हात हातात घेऊन त्यानं ते दोन शब्द म्हणून बघितले. उच्चार पार चुकला, पण मी दुरुस्त केला नाही. त्यानंतर सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

मुलगी फ्रिस्कोहून आली, राहिली, परत गेली. घरात पुन्हा आम्ही दोघं उरलो. माझ्याजवळ आता एक अर्धकच्ची भाषा होती आणि ती बोलायला माणूस नव्हतं. नवरा म्हणाला, क्लास सोडून दे, कशाला आता? मला सोडवेना. अंत्यविधीनंतरच्या शनिवारी मी उठून गेले.

जिना उतरून दाराशी उभी राहिले. दार नेहमीसारखं किलकिलं होतं, आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. मी टकटक केलं. आवाज थांबले. सगळे माझ्या वाक्याची वाट बघत होते. मी तोंड उघडलं आणि माझ्या कानांवर माझेच शब्द आले, "आई, आत येऊ का?" मराठीत. कधी ठरवलं, कधी म्हटलं, मला काही कळलं नाही.

आत कुणाला ते कळलं नाही. कळणार तरी कसं? मग सरांचा आवाज आला, नेहमीचा, न रागावता.

"आयरिशमध्ये, प्लीज."

वाक्य मला येत होतं. चुकलंही नसतं. पण जिला विचारलं होतं ती आत नव्हती. मी जिना चढून वर आले आणि घराकडे चालायला लागले.