मल्लेशम सरांचे छत

माणूस जातो, त्याने पेटवलेली ज्योत मागे राहते, असे शोकसभेत प्राचार्य म्हणाले. मल्लेशम सरांच्या मागे डाग राहिला. रसायनशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळेच्या छतावर, परातीएवढा, काळा.

बातमी पद्मावहिनींनी फोनवर दिली. "भाऊजी, हे गेले." मी विचारले, "काय फुटलं?" त्या म्हणाल्या, "काही नाही... जेवताना गेले. ताट पडलं फक्त."

सरांना ओळखणाऱ्यांना माझा प्रश्न वावगा वाटणार नाही. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो आणि चहाला त्यांच्याकडे जायचो. त्यांचे सगळे वैर ग्राफाइट ऑक्साइडवरून होते. पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्राफाइट. त्याचे अणू षटकोनांच्या जाळीत, थरावर थर असे बसलेले असतात. तीव्र आम्ल घेऊन त्यावर तुटून पडले की ऑक्सिजन थरांत घुसतो, जाळी फाडतो, थर एकमेकांपासून दूर लोटतो. तो नेमका कुठे बसतो हे कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. पुस्तकात मात्र तो रांगोळीच्या ठिपक्यांसारखा, समान अंतरावर. सर ते पान भर वर्गात फाडायचे. "आमच्या बापाच्या मागावर कापड फाटायचं, तवा भोकं मापून पडायची का बे?"

एका दुपारी वाळवायला ठेवलेली त्या ऑक्साइडची भुकटी जरा जास्त तापली. आवाज झाला, काचा उडाल्या आणि काजळीचा लोट छताला भिडला. सरांची बाही पेटली होती. खुंटीवर सत्कारात मिळालेली सुती चादर होती, ती टाकून मी त्यांना जमिनीवर पाडले. सत्काराचा इतका थेट उपयोग मी पुन्हा पाहिला नाही. सरांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. रिक्षात, रक्ताने भिजलेल्या चादरीत हात गुंडाळून ते म्हणाले, "छत बघितलं का, गुरुजी? कुटंच सारखं न्हाई. ह्येच सांगतोय की मी."

पुढे नवी प्रयोगशाळा झाली. उद्घाटनासाठी ग्राफाइट ऑक्साइडची पुरुषभर उंचीची लाकडी प्रतिकृती आणली. ऑक्सिजनचे लाल गोळे कवायतीला उभे केल्यासारखे. "हे खोटं हाय, झाकून ठेवा," सर म्हणाले. प्राचार्य म्हणाले, "सर, पाहुण्यांना सुबक दिसायला हवं." फीत कापली, टाळ्या सुरू झाल्या आणि सरांनी हातोडा घातला. गोळे पाहुण्यांच्या पायांत गडगडले. एक तुकडा प्राचार्यांच्या भुवईत घुसला, पांढरा सदरा लाल झाला. सरांचे विभागप्रमुखपद गेले. त्याचे त्यांना काही नव्हते. "पोरं आता ह्येच घोकणार बे," एवढेच म्हणत राहिले.

शेवटच्या भेटीत त्यांनी मला एक चित्र दिले. फाटकी जाळी, वेडीवाकडी भोके, कुठेही विखुरलेला ऑक्सिजन. "गुरुजी, मी मेल्यावर ही लोकं दगड बसवतील. त्यावर कोरायला ह्ये चित्र द्या. सरळ करू देऊ नका." मी शब्द दिला...

दगड बसवायचे ठरलेच, जुन्या प्रयोगशाळेत. मी चित्र स्वतः नेऊन दिले. अनावरणाला पडदा सरकला: षटकोन काटकोनात मांडल्यासारखे, ऑक्सिजन रांगेत. कारागीर अभिमानाने म्हणाला, "मूळ चित्र लई वाकडंतिकडं होतं, सर. सुधारून घेतलं." शेजारी प्राचार्य, भुवईवर व्रण, हात जोडून उभे. मी हातोडा शोधला. मराठी शिकवणाऱ्या माणसाला तो वेळेवर सापडत नाही. वर पाहिले, तर समारंभासाठी छतही रंगवलेले. सरांच्या बाजूने बोलणारे तेवढे एकच उरले होते.

परवा पुन्हा त्या खोलीत गेलो. पांढऱ्या रंगातून डाग वर आला होता. तसाच, कुठेही सारखा नसलेला. मी बराच वेळ मान वर करून उभा राहिलो.

रंगाऱ्याला विचारले. तो म्हणाला, डिस्टेंपरमध्ये पाणी जास्त झालं होतं.